देवगिरीची मोहीम सॉफ्टवेअरबाहेर काढताना

समजा, आपण आणि आपल्या मित्रमंडळींनी देवगिरीच्या किल्ल्यावर एक खेळ रचला आहे. खंदक, अंधारीचा भुयारी मार्ग, मेंढा तोफेजवळचे पहारेकरी आणि वर कुठेतरी दडवलेला यादवांचा खजिना. गारखेड्यातला एक, नोकरीसाठी हिंजवडीला गेलेला दुसरा, बंगळूरला शिकणारी तिसरी, असे सगळे रविवारी रात्री आपापल्या संगणकासमोर बसतात. दोन-तीन वर्षांत पात्रे, शस्त्रे, नकाशे आणि टिपणे यांचा बराच साठा जमला आहे. आता तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा आहे, किंवा त्याची छापील पुस्तिका करायची आहे. इथेच घोडे पेंड खाते.

हा खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडेसे. टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, एकजण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो आणि पात्राचा डाव साधला की फसला हे फाशांवर ठरते. पात्राची ताकद, चपळाई, जखमा, सामान हे सगळे कॅरेक्टर शीट नावाच्या कागदावर लिहिलेले असते. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला छापील खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली आणला. तेव्हा कागद, पेन्सिल आणि फासे पुरत. आज तेच काम रोल-२०, फाउंड्री, फॅन्टसी ग्राउंड्स यांसारखी सॉफ्टवेअर करतात. त्यांना व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात, म्हणजे पडद्यावरचे टेबल.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घेतली तर पुढचा बराच मनस्ताप टळेल. सॉफ्टवेअर आपली माहिती ठेवते ती खेळ चालवण्यासाठी, आपल्याला वाचता यावी म्हणून नव्हे. पडद्यावर जे दिसते ते आणि फाइलमध्ये जे असते ते, यांत मोठे अंतर असते. सगळ्या अडचणी त्या अंतरातूनच येतात.

पहिली पायरी संगणकाला हात न लावता करायची आहे. आपल्याला नेमके काय हवे आहे ते कागदावर लिहून काढा. फक्त पात्रांची नावे आणि आकडे? सूत्रधाराची टिपणे? नकाशे? की सगळेच? सहा पात्रे असतील तर माझा प्रामाणिक सल्ला असा, की समोर शीट उघडून हाताने टाइप करून मोकळे व्हा. सहा पात्रांसाठी प्रोग्रॅम शोधण्यात तीन संध्याकाळी घालवणारे लोक असतात, आणि त्या संध्याकाळी त्यांना आवडतातही, तो भाग वेगळा. शंभर पहारेकरी, दोनशे वस्तू आणि चाळीस नकाशे असतील, तर मात्र पुढचे वाचा.

दुसरी पायरी म्हणजे माहिती राहते कुठे ते शोधणे. रोल-२० हे २०१२ पासूनचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते; आपली मोहीम त्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर असते. तिथल्या कॅरेक्टर व्हॉल्टमधून पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात नेता येते, पण ते रोल-२० च्याच अंगणात. संपूर्ण मोहीम बाहेर काढायला बहुतेक लोक स्वयंसेवकांनी लिहिलेली ब्राउझर एक्स्टेन्शन्स वापरतात. प्रो वर्गणी भरणाऱ्यांना खेळातच स्वतःची स्क्रिप्ट चालवता येते, त्यातूनही माहिती वाचता येते. फाउंड्री आणि फॅन्टसी ग्राउंड्स यांचे उलट आहे. तिथे मोहीम सूत्रधाराच्या स्वतःच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये असते.

सर्व्हरवरच्या माहितीचे काय होऊ शकते याचे एक उदाहरण या खेळाच्याच इतिहासात आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीसाठी पात्र तयार करण्याचे अधिकृत सॉफ्टवेअर आधी आपल्या संगणकावर बसवता येत असे. २०१० च्या नोव्हेंबरात ते संकेतस्थळावर गेले, मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या तंत्रावर. सिल्व्हरलाइटचे दिवस भरले, आणि १ जानेवारी २०२० पासून ती सेवाच बंद झाली. ज्यांनी पात्रांच्या फाइल स्वतःकडे ठेवल्या होत्या त्यांना त्या आजही साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात, कारण आत साधा मजकूरच आहे.

तिसरी पायरी बॅकअपची, म्हणजे राखीव प्रत काढण्याची. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, मगच फोल्डरची प्रत काढा. चालू असताना काढलेली प्रत अर्धवट असू शकते, कारण काही बदल अजून फाइलमध्ये उतरलेलेच नसतात. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे, मूळ फोल्डरला हात लावायचा नाही.

आता चौथी पायरी, फाइल उघडणे. इथे पुष्कळजण फाइलच्या नावामागचे अनोळखी शेपूट पाहून माघार घेतात. खरे तर बऱ्याच अनोळखी फाइल म्हणजे नाव बदललेल्या झिप फाइल असतात. पात्रे बनवायच्या हीरो लॅब क्लासिक या सॉफ्टवेअरची पीओआर फाइल किंवा फॅन्टसी ग्राउंड्सची एमओडी फाइल घ्या. तिच्या प्रतीचे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत ओळखीच्या फाइल दिसतात. फॅन्टसी ग्राउंड्सच्या मोहिमेच्या फोल्डरमध्ये तर डीबी नावाची एक्सएमएल फाइल सरळच ठेवलेली असते. एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या दोन्ही बाजूंना टोकदार कंसांतली नावे लावून ठेवण्याची पद्धत.

फाउंड्रीचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे २०२३ साली माहितीचे घर बदलले. त्याआधीच्या आवृत्त्यांत पात्रांची एक फाइल, नकाशांची एक फाइल, टिपणांची एक फाइल असे असायचे, आणि प्रत्येक ओळीत एक नोंद जेसन पद्धतीने लिहिलेली असायची. जेसन म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या महिरपी कंसांत मांडण्याची पद्धत. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडत असे. अकराव्या आवृत्तीपासून लेव्हलडीबी नावाची साठवण आली. आता तिथे एकेका प्रकारासाठी अख्खे फोल्डर असते आणि आतल्या फाइल नोटपॅडमध्ये उघडल्या तर अगम्य चिन्हे दिसतात. त्यातली एखादी फाइल फालतू समजून पुसू नका. ती सगळी मिळून एक साठा असतो. तो वाचायला फाउंड्रीचेच एक साधन आहे, कमांड देऊन चालवायचे. ते साठ्यातली प्रत्येक नोंद सुट्या जेसन फाइलमध्ये काढून देते. कमांडची भीती वाटत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पात्राच्या नावावर उजवी कळ दाबून एक्सपोर्ट निवडा. एकेक पात्र निघेल, वेळ लागेल, पण निघेल.

फाउंड्रीच्या जुन्या, ओळीला एक नोंद असलेल्या फाइलमध्ये एक खाच आहे. त्या साठवणीत दुरुस्ती झाली की जुनी ओळ पुसली जात नाही, नवी ओळ खाली जोडली जाते. पात्र पुसले तरी जुनी ओळ राहते आणि खाली फक्त ‘पुसले’ अशी खूण येते. पुढच्या वेळी खेळ उघडला की साफसफाई होते, पण आपण मधल्याच वेळी प्रत काढली असेल तर एकाच पहारेकऱ्याच्या चार ओळी सापडतील आणि नुकताच पुसलेला किल्लेदारही जिवंत दिसेल. नियम साधा: एका ओळखक्रमांकाची शेवटची ओळ खरी.

पाचवी पायरी आकडे ओळखण्याची. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. रोल-२० च्या बहुतेक शीटमध्ये प्रत्येक गोष्ट सुटी नोंद असते: नाव, सध्याची किंमत, कमाल किंमत. ताकद, चपळाई अशा एकेरी गोष्टींना हे ठीक आहे. पण पात्राकडे पाच शस्त्रे असतील तर? तेव्हा नोंदीच्या नावातच ‘रिपीटिंग’ हा शब्द, मग यादीचे नाव, मग त्या ओळीची अगम्य अक्षरांची ओळखखूण, मग रकान्याचे नाव, असे सगळे खालच्या आडव्या रेघांनी जोडलेले असते. तलवारीचे नाव एका नोंदीत, तिची इजा दुसरीत, तिचे वजन तिसरीत. मधली ओळखखूण सारखी असलेल्या नोंदी एकत्र केल्या की एक तलवार तयार होते. हे न करता सरळ यादी छापली तर नावे एकीकडे आणि आकडे भलतीकडे जातात.

त्याच शीटमध्ये आणखी एक सापळा आहे, आणि तो न दिसणारा आहे. जी किंमत आपण कधी बदललीच नाही तिची नोंदच तयार होत नाही. शीटवर ताकद १० दिसते, कारण १० ही शीटची ठरलेली सुरुवात आहे. साठ्यात मात्र ताकद नावाची नोंद नसते. बाहेर काढलेल्या तक्त्यात तिथे रिकामी जागा येते. ती शून्य धरली तर आपला पहारेकरी भाला उचलायच्या लायकीचाही राहत नाही. रिकामी जागा दिसली की आधी शीटची मूळ किंमत पाहावी.

फाउंड्रीत दुसरी तऱ्हा. तिथे पडद्यावर दिसणारे बरेच आकडे फाइलमध्ये नसतातच. वाण्याच्या वहीत रोजची उधारी लिहिलेली असते, एकूण बाकी मात्र विचारल्यावर बेरीज करून सांगतात, तसेच हे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ताकद १६ असेल तर फाशावर ३ मिळवायचे असतात: १६ मधून १० वजा, उरलेल्याचे निम्मे. फाइलमध्ये १६ सापडेल, ३ सापडणार नाही. चिलखत, ढाल आणि एखादा मंत्र मिळून येणारा बचावाचा अंतिम आकडाही खेळ उघडल्यावर मोजला जातो. पुस्तिकेसाठी हे अंतिम आकडे हवे असतील तर दोनच मार्ग: नियमाप्रमाणे स्वतः गणित करणे, किंवा खेळ चालू असताना आतून आकडे वाचणारा छोटा मॅक्रो, म्हणजे दोन-चार आज्ञांचा संच, वापरणे. दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. शीट उघडून तपासलेल्या आकड्याशी त्यातून निघालेला आकडा हमखास जुळतो.

जुन्या फाइलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम नव्या फाइलवर चालवताना आवृत्ती बघा. फाउंड्रीने २०२२ च्या दहाव्या आवृत्तीत पात्राचे आकडे ज्या कप्प्यात असतात त्याचे नावच ‘डेटा’ऐवजी ‘सिस्टम’ केले. जुना प्रोग्रॅम जुन्या कप्प्यात डोकावतो, काही सापडत नाही, आणि तक्रार न करता रिकामा तक्ता देतो.

सहावी पायरी दुव्यांची. पहारेकऱ्याच्या टिपणात ‘याच्याकडे अंधारीची किल्ली आहे’ असे लिहून आपण किल्लीचा दुवा दिला असेल, तर फाउंड्रीच्या फाइलमध्ये त्या दुव्यात किल्लीची सोळा अक्षरांची ओळखखूण असते. म्हणून टिपणे एकटी काढू नका. वस्तूंची यादीही काढा, आणि छापण्यापूर्वी खुणांच्या जागी नावे घाला. चित्रांचेही तसेच. फाइलमध्ये चित्र नसते, चित्राचा पत्ता असतो. पत्ता सर्व्हरवरचा असेल तर चित्रे वेगळी उतरवून घ्यावी लागतात. हे काम खाते चालू असतानाच उरकावे.

सातवी पायरी मराठीची. इंग्रजीत खेळणाऱ्यांना ती लागत नाही, म्हणून तयार मार्गदर्शनात ती सापडतही नाही. जेसन फाइल उघडल्यावर ‘किल्लेदार’ऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे-अक्षरे अशी रांग दिसली तर घाबरू नका. तो देवनागरी अक्षरांचा युनिकोड क्रमांक आहे. क चा ०९१५. कोणताही जेसन वाचक तो परत अक्षरात आणतो. पण डोक्यावर तिरपी रेघ असलेले इंग्रजी ए पुन्हापुन्हा दिसत असतील, तर मजकूर चुकीच्या सांकेतिक पद्धतीने उघडला गेला आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एकेक अक्षर किंवा मात्रा तीन बाइटची असते. ते तीन बाइट सुटे वाचले की हा कचरा दिसतो. फाइल न साठवता बंद करा, युटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. आणि नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला. एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत आयएसओ ८८५९-१ असे लिहिले असेल तर आधीच सावध व्हा, कारण त्या अक्षरतक्त्यात देवनागरीला जागाच नाही.

शोधताना एक खास मराठी अडचण येते. ‘दऱ्या’ किंवा ‘किनाऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कुणाचा कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतो, कुणाचा साधा र आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द. एकाच ‘दऱ्यातला वाटाड्या’ची दोन पात्रे तयार झालेली दिसली तर कारण बहुधा हेच. शोधा-आणि-बदला वापरून आधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावे. फाशांच्या सूत्रात देवनागरी अंक लिहिले असतील तर तेही इंग्रजी करा. ही सॉफ्टवेअर ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर चालतात ती आपले १, २, ३ आकडा म्हणून मोजत नाही.

पीडीएफ हा मार्ग शक्यतो टाळावा. भरायच्या रकान्यांची पीडीएफ असेल तर रकान्यांतला मजकूर निघतो. प्रिंट करून बनवलेल्या पीडीएफमधून मराठी कॉपी केले तर पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे फुटतात. ते दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप करणे लवकर होते.

आठवी पायरी तक्त्याची. बाहेर काढलेली माहिती शेवटी बहुतेकजण एक्सेलमध्ये नेतात, आणि एक्सेल फार मदतशील आहे. या खेळात दुबळ्या राक्षसांची अवघडपणाची पातळी १/२, १/४, १/८ अशी लिहितात. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडली, की आपल्याकडच्या तारखेच्या पद्धतीनुसार १/४ चे १ एप्रिल होते आणि १/८ चे १ ऑगस्ट. आपण एकटेच फसत नाही: मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, त्यामागे एक्सेल ती तारखा समजते हे मोठे कारण होते. उपाय असा: एक्सेल रिकामे उघडा, डेटा या भागातून मजकुराची फाइल आयात करा, युटीएफ-८ निवडा आणि अशा रकान्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा. लिबरऑफिस उघडतानाच हे सगळे विचारते, म्हणून मी तेच सुचवतो.

नकाशे सगळ्यांत शेवटी घ्या. रोल-२० मध्ये नकाशाचा एक चौकोन ७० पिक्सेलचा, म्हणजे पडद्यावरच्या ७० ठिपक्यांचा असतो. फाउंड्रीत नेहमीचा १००. शिवाय रोल-२० सोंगटीचा मध्यबिंदू लिहून ठेवते, फाउंड्री डावा-वरचा कोपरा. पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनातला पहारेकरी रोल-२० मध्ये डावीकडून १७५ वर असतो. त्याला १०० ने गुणून ७० ने भागले की २५०. त्यातून अर्धा चौकोन, म्हणजे ५० वजा केले की २००. एवढ्यावर थांबला तरी तो चुकीच्याच जागी उभा राहील, कारण फाउंड्री नकाशाभोवती एरवी पाव भागाएवढी मोकळी पट्टी सोडते. नकाशा ४० चौकोन रुंद असेल तर डावीकडे आणखी १००० पिक्सेल मिळवायचे, की झाले १२००. सगळ्या सोंगट्या अर्ध्या चौकोनाने सरकलेल्या दिसल्या तर मध्यबिंदूची वजाबाकी राहिली आहे. सगळ्या पाव नकाशाएवढ्या डावीकडे सरकल्या असतील तर पट्टी विसरली आहे.

भिंतींचे दुखणे निराळे. रोल-२० मध्ये हाताने ओढलेली रेघ ही एकच आकृती असते. फाउंड्रीत प्रत्येक भिंत दोन टोकांमधली सरळ रेषा. देवगिरीचा तासलेला कडा हाताने गिरवला असेल तर त्याचे शेकडो तुकडे होतात आणि खेळ मंदावतो. कडा पुन्हा दहा-बारा सरळ रेषांनी आखलेला बरा. नकाशा नव्यानेच करत असाल तर डन्जनड्राफ्टसारख्या साधनातून युनिव्हर्सल व्हीटीटी प्रकारात काढा. त्या एकाच फाइलमध्ये चित्र, भिंती, दारे आणि दिवे असतात, आणि मापे पिक्सेलऐवजी चौकोनांत असतात, त्यामुळे वरचे गणितच करावे लागत नाही.

सगळे निघाले की तपासणी. सगळी पात्रे वाचत बसू नका. सगळ्यांत साधे एक, सगळ्यांत गुंतागुंतीचे एक आणि सगळ्यांत जुने एक, अशी तीन निवडा आणि मूळ शीट शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहा. जुने पात्र आवर्जून घ्या. मधल्या काळात शीटची रचना बदललेली असते आणि तेच आधी तुटते.

वाटण्यापूर्वी हक्कांकडेही बघा. आपण लिहिलेले किल्लेदार, खजिना आणि कथानक आपले. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेय देऊन ते वापरता येतात. विकत घेतलेल्या साहसकथांचा मजकूर आणि चित्रे मात्र पुस्तिकेत घालू नयेत. गप्पांच्या नोंदी छापणार असाल तर ज्यांच्या गप्पा आहेत त्यांना आधी विचारा.

या रविवारचा डाव संपला की लॅपटॉप लगेच मिटू नका. एक पात्र, एक टिपण आणि एक नकाशा बाहेर काढा आणि तो खेळ नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडले नाही, तर कारण शोधायला पुढचा रविवार येईपर्यंत आपल्याकडे वेळ आहे आणि खातेही अजून चालू आहे.